पवनारला थांबायला हवं

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. इथल्या धाम नदीचं पाणी वणा नदीत जातं, वणेचं वर्धेत, वर्धा पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहितेचं पाणी गोदावरीवाटे पार आंध्रात बंगालच्या उपसागराला पोचतं. इतक्या लांबच्या समुद्राचं भारतीय साहित्यातलं एक अत्यंत भव्य वर्णन मात्र विदर्भातल्या एका राजाच्या नावावर आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचं ‘सेतुबंध’ हे महाकाव्य इसवी सनाच्या ५व्या शतकातलं, आणि तेही महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत. रामाची सेना किनाऱ्यावर येऊन अडते, समोर अथांग पाणी, मग डोंगर उपटून आणून पूल बांधला जातो. बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त या काव्याची थोरवी गायली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं की या राजाची राजधानी प्रवरपूर म्हणजे आजचं पवनार. वर्धा शहरापासून आठ-दहा किलोमीटरवरचं, धामेच्या काठावरचं गाव. पुढे रामटेकजवळच्या मनसरचंही नाव त्या मानासाठी घेतलं जाऊ लागलं आणि हा वाद अभ्यासकांत अजून चालू आहे. पण पवनारच्या जमिनीतून वाकाटककाळाच्या खुणा निघाल्या यात वाद नाही. नागपूर विद्यापीठाने १९६७ साली इथे उत्खनन केलं, आणि शिल्पं तर त्याच्याही आधीपासून सापडत होती.

एवढं असून ‘वर्ध्यात पाहण्यासारखं काय आहे?’ हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. विचारणारे बाहेरचे असतात तसे वर्धेकरही असतात. पाहुणे आले की आपण त्यांना गाडीत घालतो, सेवाग्रामला गांधीजींची बापू कुटी दाखवतो, पवनारला पुलावरून नदी दाखवतो, तिथल्या विनोबा भावेंच्या आश्रमात डोकावतो, विश्वशांती स्तूपापाशी फोटो काढतो, गोरसपाकाचे पुडे बांधून देतो आणि संध्याकाळच्या गाडीला बसवून देतो. माझं म्हणणं असं आहे की या जिल्ह्यातल्या ठिकाणांवर सगळ्यात मोठा अन्याय कुणी करत असेल, तर तो हा अर्ध्या दिवसाचा फेरा करतो. इथे उंच सुळका नाही, अजस्र किल्ला नाही, लाटा नाहीत. इथली ठिकाणं वेळ मागतात. वेळ दिला नाही तर ती दिसतच नाहीत. आणि सरकारने, संस्थांनी, आपण सगळ्यांनी मिळून जी व्यवस्था उभी केली आहे, ती येणाऱ्याचा वेळ वाचवण्याची आहे. पवनारच्या बाबतीत ती दिशाच चुकलेली आहे.

पवनारच्या टेकाडावर विनोबा कसे आले ते बघा. १९३८ साली त्यांची प्रकृती फार खालावली होती, वजन ८८ पौंडांवर आलं होतं. थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्या, असा आग्रह गांधीजींनी धरला. विनोबांनी त्यासाठी नैनिताल निवडलं नाही, महाबळेश्वर निवडलं नाही. उद्योगपती जमनालाल बजाजांचा धामेकाठी एक रिकामा बंगला होता, तो निवडला. हवापालटासाठी दहा किलोमीटरवरचं गाव! तिथे त्यांनी रोज थोडं थोडं खणायला सुरुवात केली, अंगात ताकद यावी म्हणून. प्रकृती सुधारत गेली आणि त्या खणण्यातूनच मूर्ती वर येऊ लागल्या. त्यांतली एक राम-भरताच्या भेटीची मानली जाते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं देताना विनोबा या भेटीबद्दल भरभरून बोलले होते. ती प्रवचनं साने गुरुजींनी उतरून घेतली. सहा वर्षांनी तोच प्रसंग दगडात कोरलेला हाती यावा, हे विनोबांनी साधं मानलं नाही. त्या मूर्तीची त्यांनी पूजा सुरू केली आणि आश्रमात भरत-राम मंदिर झालं. या शिल्पांतले सगळे प्रसंग नेमके कोणते, यावर अभ्यासकांची मतं वेगळी आहेत. असू देत. दीड हजार वर्षांपूर्वीचा पाथरवट आणि विसाव्या शतकातला एक आजारी माणूस एकाच चरात भेटले, ही गोष्ट मला जिल्ह्यातल्या कुठल्याही स्मारकाहून मोठी वाटते.

आश्रमात ती शिल्पं आजही आहेत. त्यांच्यापुढे नीट उभं राहिलं तर आधी काहीच कळत नाही. दगड झिजलेला, चेहरे पुसट. मग डोळे सरावतात. एखादी वाकलेली मान दिसते, कुणाच्या खांद्यावर ठेवलेला हात दिसतो, कमरेच्या वस्त्राची चुणी दिसते. भरत-राम मूर्तीत तर दोन देहांमधला जिव्हाळा आधी जाणवतो, चेहरे त्यानंतर. हे दिसायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पुलावर गाडी चालू ठेवून आत धावत आलेल्या माणसाकडे ती नसतात, आणि दोष फक्त त्याचा नाही. त्याच्या दिवसाचा आराखडाच कुणीतरी तसा आखून दिलेला असतो.

हा आश्रम ‘स्थळ’ म्हणून उभा राहिलेला नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. १९५९ साली विनोबांनी इथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. स्त्रियांनी सामूहिक साधना करावी, शेतीपासून छपाईपर्यंत आपलं काम आपण करावं, निर्णय सगळ्यांच्या संमतीने घ्यावेत, अशी ती कल्पना. अनेक दशकं तिथल्या बहिणी तसंच जगल्या आहेत. तिथे जाणारा माणूस कुणाच्या तरी घरात जातो. घरात गेल्यावर आपण चपला काढतो, आवाज खाली घेतो, विचारल्याशिवाय कॅमेरा काढत नाही. हा संकेत वेगळ्या पाटीवर लिहावा लागतो, इथेच काहीतरी हुकलेलं आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक असतो. गांधी-विनोबांच्या जागांवर पर्यटन नकोच, असं काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात. या साधनेच्या जागा आहेत, त्या तशाच शांत राहू द्या, गर्दी आली की बाजार येतो. त्यांची भीती मला समजते, पण मला ती मान्य होत नाही. सेवाग्राम हे कधीच पाहुण्यांवाचूनचं ठिकाण नव्हतं. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला तिथे राहायला गेले तेव्हा त्याचं नाव शेगाव होतं. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा म्हणून १९४० मध्ये नाव सेवाग्राम झालं. टपालाचा घोळ व्हावा इतकी पत्रं आणि माणसं तिथे येत होती. ब्रिटिश राजकारणातले वजनदार गृहस्थ लॉर्ड लोथियन १९३८ च्या जानेवारीत येऊन तिथल्या मातीच्या घरांत राहिले. अमेरिकन पत्रकार लुई फिशर १९४२ च्या जूनमध्ये आठवडाभर राहिला. वर्ध्याचा जून म्हणजे काय ते ज्याने सोसलाय त्यालाच ठाऊक. फिशरने पाण्याने भरलेल्या टबात खोकं टाकलं, त्यावर बसला आणि शेजारच्या दुसऱ्या खोक्यावर टंकलेखनयंत्र ठेवून टिपणं काढली. त्या सात दिवसांतून त्याचं अख्खं पुस्तक झालं. तो अर्ध्या दिवसाने परतला असता तर त्याला एक मुलाखत मिळाली असती, एवढंच.

सेवाग्राम आश्रमाचा नियमही असा होता की येणाऱ्याला पहाटेच्या प्रार्थनेपासून सफाईपर्यंतच्या दिनक्रमात सामील करून घेतलं जाई. भाजी चिरा, अंगण झाडा, सूत काता. आलेला माणूस प्रेक्षक राहू नये ही त्यामागची दृष्टी होती. म्हणून मला वाटतं, लोकांना दूर ठेवणं हे गांधींचं उत्तर झालं नसतं. त्यांना कामाला लावणं, निदान थांबायला लावणं, हे झालं असतं.

आता त्या घरांकडे या. शेगावात घर बांधायचं तर ते शंभर रुपयांच्या आत, गावच्याच सामानात आणि गावच्याच कारागिरांकडून, अशी गांधीजींची अट होती. माती, बांबू, ताडाच्या पानांच्या चटया, वर कवेलू. ज्याला आपण बापू कुटी म्हणतो ती मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबहेनची झोपडी. भिंतीवर तिने मातीतच उठावाने ताडाची झाडं आणि चरखा कोरला आहे. भरउन्हाळ्यात आत गेलं की अंगाला गारवा जाणवतो. जाड मातीची भिंत उन्हाला आत यायला वेळ लावते, कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, आणि खिडक्या इतक्या खाली आहेत की जमिनीवर बसलेल्या माणसाच्या अंगावरून वारा जातो. उभं राहून बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्यासाठी बसावं लागतं. विचारवंत इव्हान इलिच १९७८ च्या जानेवारीत सेवाग्रामला आला तेव्हा याच कुटीत बसून राहिला आणि नंतरच्या भाषणात त्याने सगळा विचार त्या झोपडीपासूनच मांडला. आपण जितकी जास्त सामानसुमानावर भिस्त ठेवू तितके पंगू होत जातो, हा त्याचा मुद्दा होता. एवढा मोठा टीकाकार जिथे जमिनीवर बसून शिकला, तिथे आपण दाराशी उभे राहून ‘बघितलं’ म्हणतो.

आणि अशा जागांचा ‘विकास’ आपण कसा केला? सिमेंट, ग्रॅनाइट, पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे. सेवाग्राम विकास आराखड्यातून सोयी झाल्या हे नाकारणं अन्यायाचं होईल. प्रसाधनगृहं, राहायच्या खोल्या, सभागृहं यांची गरज होतीच. पण धामेच्या काठावर घाट-पायऱ्यांचं जे सुशोभीकरण होतं, ते पाहून माझा जीव तुटतो. पवनारच्या पात्रात काळाकभिन्न बेसॉल्ट उघडा पडलेला आहे. पाण्याने त्यात रांजणासारखे खळगे पाडलेत, कडेला पाणी शिल्लक राहतं तिथे बगळे उभे असतात. ज्या काठाला निसर्गानेच पायऱ्या दिल्या, त्याला आणखी शोभा कशासाठी आणायची? २०२० साली वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी जुनी झाडं तोडायला घेतली तेव्हा वर्धेकर रस्त्यावर उतरले. मला त्या लोकांचा अभिमान वाटतो. त्या सावलीतून चालत जाणं हाच सेवाग्रामच्या भेटीचा अर्धा भाग होता, हे त्यांना कळलं होतं आणि आराखडे करणाऱ्यांना कळलं नव्हतं.

नदीचं दुःख तर बोलावं तितकं थोडं. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग पवनारला धामेत विसर्जित झाला. तेव्हापासून दर १२ फेब्रुवारीला इथे सर्वोदय मेळा भरतो, लोक स्वतः कातलेल्या सुताच्या गुंड्या अर्पण करतात. त्याच नदीत गणपती-देवीच्या विसर्जनानंतर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे हात आणि मुकुट पाण्याबाहेर डोकावत पडलेले असतात. निर्माल्य वेगळं गोळा करणारे, मूर्तिदानाचा आग्रह धरणारे कार्यकर्ते जिल्ह्यात आहेत आणि ते थकलेले नाहीत. पण घाटावर खर्च करताना पाण्यावर खर्च आधी व्हायला हवा होता. नदीकाठचं गाव बघायला माणूस येतो तो नदीसाठी येतो. नदीच गेली तर काठाला काय बघायचं?

इथे मला दुसरी एक मोठी चूक दिसते. आपण निसर्ग आणि इतिहास यांची दोन खाती केली आहेत. बोरचं जंगल वनखात्याचं, पवनारची शिल्पं पुरातत्त्वाची, आश्रम गांधीवाद्यांचे, केळझरचा गणपती भाविकांचा. प्रत्यक्षात ही सगळी एकाच पाणलोटाची लेकरं आहेत. बोर नदी जंगलातून उतरते, सेलूच्या शेतांना पाणी देते आणि धामेला मिळते. जंगल राखलं म्हणून नदी वाहते, नदी वाहिली म्हणून तिच्या काठी राजधानी झाली असावी आणि नदीकाठ होता म्हणूनच विनोबांना तिथे बरं वाटलं. बोर अभयारण्य १९७० चं. २०१४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं, जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचं, देशातलं त्या वेळचं सर्वांत लहान. इतक्या लहान जंगलातला वाघ त्यात मावत नाही, त्याला बाहेर पडावंच लागतं. ‘बाजीराव’ नावाने ओळखला जाणारा बोरचा वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर गाडीखाली मेला. जंगल पाहायला वेगाने येणारे आपण आणि रस्ता ओलांडणारा वाघ यांची ती भेट होती. जिप्सीत बसून फक्त वाघ शोधणाऱ्याला तो दिसला नाही की सहल वाया गेली असं वाटतं. त्याला सागाची पानगळ, बोर धरणावरचे हिवाळी पक्षी, तेंदू-मोहाचा हंगाम दिसत नाही. हिंगणीच्या बाजूला एखादा जुना माणूस सोबत घेऊन जंगलाच्या कडेने चाललात, तर पाण्याचा हिशेब तुम्हाला तो सांगेल. कुठला नाला पूर्वी मे महिन्यापर्यंत वाहायचा आणि आता कधी आटतो, ते.

या एकत्र बघण्याचा सगळ्यात सुंदर नमुना समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला आहे. टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा, हिंदू-मुसलमान दोघांचं श्रद्धास्थान. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. दंतकथा अशी की नारळ-सुपारीचा माल घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. भूगर्भशास्त्र सांगतं की दख्खनच्या लाव्हात राहिलेल्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजं साचून असे गोटे बनतात. दोन्ही गोष्टी एकाच हातातल्या दगडाबद्दल आहेत. शाळेच्या सहलीला हा दगड मुलांच्या हातात द्यावा आणि दोन्ही गोष्टी सांगाव्यात. त्यापेक्षा चांगला भूगोलाचा तास मला सुचत नाही. केळझरला लोक महाभारतातली एकचक्रा नगरी मानतात, भीमाने बकासुराला मारलं ते हेच म्हणतात. विदर्भातल्या अष्टविनायकांत तिथला गणपती मोजला जातो.

गावाच्या हाती काय पडतं, हा प्रश्न शेवटी उरतोच, आणि माझ्या दृष्टीने तोच निर्णायक आहे. गाडीतून येऊन गाडीतून जाणारा पाहुणा पवनारला पाण्याची रिकामी बाटली देऊन जातो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला, तो याच जिल्ह्यातून जातो. आता तर न थांबताच पुढे जाणं आणखी सोपं झालंय. दारूबंदी आहे म्हणून इथे पर्यटन वाढत नाही, असंही अधूनमधून म्हटलं जातं. हे मला पटत नाही. शांत रात्र हीच ज्या जिल्ह्याची ठेव आहे, त्याने ती मोडून कुणाला बोलवायचं? रात्र मुक्कामी राहणारा माणूस जेवतो, दूध-भाकरी विकत घेतो, सकाळी बाजारात फिरतो. त्याला वायगावची हळद कळते, जिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. सेलू-पवनारच्या केळीच्या बागा एके काळी किती नावाजलेल्या होत्या आणि त्या का कमी झाल्या, हे त्याला शेतकऱ्याकडूनच ऐकायला मिळतं. मगन संग्रहालयात, जे गांधीजींनीच १९३८ च्या डिसेंबरात उघडलं, त्याला खादी-ग्रामोद्योगाचा विचार वस्तूंमधून दिसतो आणि तो चार वार कापड घेतो. पैसा असा झिरपतो. प्रवेशद्वाराच्या कमानीतून तो झिरपत नाही.

म्हणून जिल्हा परिषदेकडे, पर्यटन विभागाकडे आणि आश्रमांच्या विश्वस्तांकडे माझं मागणं लहान आहे. पवनार ते सेवाग्राम एक पायवाट आखा, तिच्या दोन्ही बाजूंना कडुनिंब आणि चिंच लावा, वाटेत पिण्याच्या पाण्याची सोय करा. पवनारच्या शिल्पांपाशी मराठीत, साध्या भाषेत, अभ्यासकांच्या वादासकट माहिती लिहा. गावातल्या शाळकरी मुलांना आपलं गाव सांगायला शिकवा. गांधीजींच्या नई तालीम शिक्षणाची परिषद १९३७ साली याच वर्ध्यात भरली होती, तिची आठवण ठेवायची याहून चांगली रीत नाही. धामेत शहराची घाण आणि विसर्जनाचा गाळ जाऊ देऊ नका. आणि काठावर आता आणखी सिमेंट नको.

वाचकांकडे मागणं त्याहूनही लहान आहे. पुढच्या वेळी वर्ध्याला याल तेव्हा परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका. सेवाग्रामच्या यात्री निवासात किंवा तुमच्या ओळखीच्या घरी एक रात्र राहा. सकाळी उन्हाच्या आत पवनारला जा, पुलाच्या अलीकडेच गाडी सोडा आणि उरलेलं अंतर पायी चाला. विनोबांनी मार्च १९५१ मध्ये याच पवनारहून निघून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीपर्यंत तीनशेच्या वर मैल पायी पार केले होते, आणि त्या चालण्यातूनच पुढे भूदान चळवळ निघाली.